गरीब रोगी आणि शिकाऊ डॉक्टर

वैद्यकीचा विद्यार्थी डॉक्टर होतो तो कोणाच्या जिवावर? पुस्तकांच्या आणि प्राध्यापकांच्या, असे आपण चटकन म्हणू. परंतु पोट चाचपणे, छातीतील आवाज ओळखणे या गोष्टी नुसत्या वाचून येत नाहीत. त्या जिवंत माणसावरच शिकाव्या लागतात. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते जे. जे. रुग्णालयाच्या जोडीने, १९२६ साली सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज निघाले ते केईएम रुग्णालयाच्या जोडीने. ज्याला खाजगी इस्पितळ परवडते तो अशा ठिकाणच्या खाटांवर सहसा येत नाही. येतो तो हमाल, येते ती धुणीभांडी करणारी बाई, येतो तो गावाकडचा शेतमजूर. त्याच्या एका पोटाला सकाळपासून दहा मुले हात लावून जातात आणि तो मुकाट्याने पडून राहतो. वाचकहो, एका अर्थी हा गरीब रोगी विद्यार्थ्याचा गुरूच आहे. मग या गुरूविषयी शिष्याच्या मनात काय असते?

मी वैद्यकीचा माणूस नव्हे; समाजशास्त्र शिकवतो. म्हणून औषधांबद्दल न बोलता वृत्तीबद्दलच बोलेन. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला विचारा, डॉक्टर का व्हायचं? ‘गरिबांची सेवा करायची आहे’ असे उत्तर हमखास मिळते. ते खोटे असते असे मला वाटत नाही. पण ही भावना पुढे टिकते का? अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील एका वैद्यकीय महाविद्यालयात या प्रश्नाचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत असे दिसले, की विद्यार्थ्यांची सहानुभूती पहिली दोन वर्षे टिकून राहते आणि तिसऱ्या वर्षी उतरते. तिसरे वर्ष म्हणजे काय, तर वॉर्डात प्रत्यक्ष रोगी पाहण्याचे वर्ष! ज्या वर्षी ती वाढावी, त्याच वर्षी ती आटते.

असे का व्हावे? हॅफर्टी आणि फ्रँक्स या दोन अभ्यासकांनी १९९४ साली वैद्यकीय शिक्षणातल्या ‘छुप्या अभ्यासक्रमा’कडे लक्ष वेधले. गरिबाला तुच्छ लेखा, असा धडा कोणत्याही वर्गात कोणी देत नाही. पण रात्रभर जागून थकलेला वरिष्ठ डॉक्टर केसपेपर आपटून म्हणतो, ‘ही माणसं ऐकतच नाहीत. सगळं संपल्यावर येतात.’ शेजारी उभा असलेला विद्यार्थी ते ऐकतो. आजीच्या वयाच्या बाईला ‘ए मावशी, सरक तिकडं’ म्हटलेले ऐकतो, आणि चार दिवसांनी त्याच्याही तोंडून तेच निघते. आपल्या मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन शब्द आहेत. त्यांतला कोणता कोणासाठी, हे तो परीक्षेशिवायच शिकतो. वरिष्ठही मुळात दुष्ट नसतो. त्याच्यापुढे रांग मोठी असते, खाटा अपुऱ्या असतात, आणि राग काढायला समोर रोगीच तेवढा असतो.

कोणी म्हणेल, बोलणं थोडं कडक असलं म्हणून काय बिघडलं? औषध तर बरोबर देतात ना! इथेच खरी मेख आहे. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. काही आठवड्यांत ताप जातो, खोकला कमी होतो, आणि रोगी येईनासा होतो. अशा रोग्याला दवाखान्याच्या भाषेत ‘डिफॉल्टर’ म्हणत. म्हणजे कर्ज बुडवणाऱ्यालाही हाच शब्द.

आता हा रोगी बीडकडचा ऊसतोड मजूर आहे असे धरा. मुकादमाकडून उचल घेतलेली, तेव्हा हंगाम लागला की जोडीने गाव सोडायचे, कारखान्याच्या पट्ट्यात कोप टाकून राहायचे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि उपचारही तितकाच! तपासणीला जायचे तर कामाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या माणसाला ‘ऐकत नाही’ म्हणणारा डॉक्टर त्याला खडसावून परत पाठवील. ‘याला येणं का जमत नाही?’ असे विचारणारा डॉक्टर हंगामाच्या गावी गोळ्या मिळण्याची सोय लावून देईल. औषध दोघांपाशी एकच. पण बरा होण्याची शक्यता दुसऱ्याच्या रोग्याला अधिक. अर्धवट उपचाराने रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो, आणि घरातल्या मुलाबाळांनाही धोका पोचतो. तेव्हा वृत्ती हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे; तो उपचाराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली व्याख्या सुधारल्या तेव्हा ‘डिफॉल्टर’ हा शब्द काढून टाकला, तो उगाच नव्हे.

गरिबी हे रोगाचे कारण आहे, हे तर आता मोजून दाखवता येते. झारखंडातील चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना जादा शिधा देऊन पाहिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तांदूळ आणि डाळ यांनी औषधाचे काम केले! जर्मन वैद्य रुडोल्फ विर्शो याने १८४८ साली, वयाच्या २६व्या वर्षी, सायलेशियातील टायफसची साथ पाहून हेच सांगितले होते, की या लोकांना औषधाइतकीच शिक्षणाची, रोजगाराची आणि स्वराज्याची गरज आहे.

मग विद्यार्थ्याला हे शिकवायचे कसे? १९४६च्या भोर समितीने डॉक्टर हा समाजाचा वैद्य व्हावा अशी अपेक्षा धरली होती. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे विद्यार्थी खेड्यात मुक्काम करतात, नेमून दिलेल्या कुटुंबांकडे जातात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांना रीतसर जागा मिळाली, आणि त्यानंतर खेड्यातली कुटुंबे दत्तक घेण्याची योजनाही आली. हे सारे चांगलेच. परंतु वही भरून सही घेण्यापुरती भेट झाली, तर तिचा उपयोग नाही. चूल कशावर पेटते, पाणी कुठून येते, कमावते हात किती आणि खाणारी तोंडे किती, हे ज्याने एकदा घरात बसून पाहिले, त्याला वॉर्डातला तोच माणूस निराळा दिसतो.

आणि वॉर्डातला धडा बदलायचा तर तो वॉर्डातच बदलावा लागेल. राऊंडच्या वेळी प्राध्यापकाने ताप किती, रक्त किती, याच्या जोडीला एवढेच विचारावे: ‘हे घरी गेल्यावर काय खातील? पुन्हा यायला यांना किती खर्च येईल?’ या प्रश्नांना गुण नसले तरी चालेल. वरिष्ठ विचारतात हे दिसले, की विद्यार्थी उत्तर शोधून ठेवू लागतील; आणि ते शोधण्यासाठी त्यांना रोग्याशी बोलावेच लागेल. तेवढे बोलणे सुरू झाले, तरी पुष्कळ काम झाले.