आकाशाचा कायदा (भाग 6) : ड्रोन कोणाचा, उडवतो कोण?

फवारणीचा ड्रोन घेणारा शेतकरी स्वतःला विमानमालक समजत नाही. कायदा मात्र त्याला त्याच रांगेत बसवतो. 1934 च्या विमान कायद्याने हवेच्या आधारावर तरंगणाऱ्या प्रत्येक यंत्राला विमान मानले होते. त्यात ग्लायडर होते, फुगे होते, पतंगसुद्धा होते. 1 जानेवारी 2025 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. ड्रोनचा रोजचा कारभार मात्र 2021 च्या ड्रोन नियमांनुसारच चालतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात खासगी विमान बाळगणारे विरळाच, पण ड्रोन आता उसात आणि कपाशीत दिसू लागले आहेत. म्हणून हा भाग ड्रोनवाल्यांसाठी.

मालक आणि पायलट यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत आणि बहुतेक घोळ त्या एकत्र केल्याने होतात. मालकाने आपल्या ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यायचा. मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलचे सरकारी मान्यतापत्र, असेल तरच तो मिळतो. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे कुणी बाहेरचा माल स्वस्तात देऊ लागला तर आधी क्रमांक विचारा. जुना ड्रोन घेतलात तर तो क्रमांक तुमच्या नावावर होईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नका.

मला खरी काळजी वाटते ती महिला बचत गटांची. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत किमतीच्या 80 टक्के, पण जास्तीत जास्त 8 लाख रुपये, अनुदान आहे. ड्रोन गावात येतो, हार घातला जातो, फोटो निघतात. यूआयएन कोणाच्या नावावर आहे, विमा कोणाच्या नावावर आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. अपघात झाला की पहिली विचारणा त्याचीच होते. गटाच्या बैठकीत दोन्ही कागद मोठ्याने वाचून घ्या, सह्या त्यानंतर करा.

आता पायलटकडे येऊ. वय 18 ते 65, शिक्षण दहावी पास आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या केंद्रातले प्रशिक्षण, एवढ्यावर रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळते आणि ते 10 वर्षे चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असे केंद्र आहे, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको. पूर्वी प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट लागत असे. सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवानाही चालतो. ग्रामीण बायकांसाठी ही दुरुस्ती फार मोलाची ठरली. पण प्रमाणपत्र माणसाचे असते, घराचे नव्हे. दीदीच्या नावावर प्रमाणपत्र आहे म्हणून तिच्या दिराने रिमोट हातात घेतला, तर ते विनाप्रमाणपत्र उड्डाणच.

वजनाचीही गफलत होते. 2 किलोच्या वर आणि 25 किलोपर्यंतचा ड्रोन ‘लहान’ वर्गात मोडतो, पण हे वजन भरल्या टाकीसकट धरतात. दहा लिटर द्रावण म्हणजे जवळपास दहा किलो. गावातल्या कारागिराकडून मोठी टाकी बसवून घेतली आणि भार 25 च्या पुढे गेला, तर ड्रोन ‘मध्यम’ वर्गात जातो आणि ज्या वर्गासाठी कागद घेतले होते तो वर्गच बदलतो.

कोपरगाव आणि राहाता तालुक्यांतल्या वाचकांनी पुढचे नीट वाचावे. शिर्डीचे विमानतळ काकडी गावात आहे. फवारणीचा ड्रोन पिकावरून दोन-तीन मीटर उंचीवरच फिरतो, मग विमानाला अडचण कसली, असा प्रश्न हमखास येतो. पण विमानतळाजवळ आधी जागा बघतात, उंची नंतर. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. 8 किलोमीटरच्या आत मात्र ती घ्यावीच लागते. नकाशावर ती जागा लाल क्षेत्रात असेल तर केंद्र सरकारची, पिवळ्या क्षेत्रात असेल तर हवाई वाहतूक नियंत्रकांची. हे अंतर विमानतळाच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नव्हे. तेव्हा आपल्या शेताचा गट कोणत्या रंगात येतो ते सरकारी हवाई नकाशावर पाहा, शेजाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका. शिवाय पोलीस अधीक्षक 96 तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल क्षेत्र ठरवू शकतात. शिर्डीत मोठा उत्सव किंवा मंत्र्यांचा दौरा असला, तर लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी आदल्या दिवशीच चौकशी करावी. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड होतो.

राहिला विमा. 250 ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे आणि त्याला मोटार वाहन कायद्यातल्याच तरतुदी लागू केल्या आहेत. ड्रोन कुणाच्या अंगावर पडला तर भरपाईची वाट मोकळी असते. पण उसात तणनाशक मारताना वारा फिरला आणि शेजारच्या कपाशीची पाने वाकडी झाली, तर? शेवगाव-नेवाशाकडे ऊस आणि कपाशी बांधाला बांध लावून उभी असते, तिथे ही भीती खरी आहे. रसायनामुळे झालेले नुकसान पॉलिसीत धरले आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्या. अपघात झालाच तर 48 तासांच्या आत डीजीसीएला ऑनलाइन कळवावे लागते आणि ते काम पायलटचे, मालकाचे नव्हे.