उन्हाचा विमा: घाटावर आणि घाटाखाली

मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-मलकापूरकडे पारा चाळिशीपार जातो तेव्हा मजुरापुढे दोनच वाटा उरतात: जीव धोक्यात घालून काम करायचे किंवा रोजी बुडवायची. उष्माविमा इथेच उपयोगी पडतो. ठरलेल्या तापमानाची मर्यादा ओलांडली की पंचनाम्याविना, दाव्याविना पैसे खात्यात जमा होतात. संत्रा बागायतदारांना हवामानावर आधारित फळपीक विम्यातून ही रीत ठाऊक आहेच. 2024 मध्ये स्वयंरोजगारी महिलांच्या ‘सेवा’ संघटनेच्या गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे 50,000 कष्टकरी स्त्रिया अशा योजनेत होत्या. 40 अंशांपुढच्या उन्हासाठी 400 रुपयांची मदतही ठरली होती. रक्कम तुटपुंजी, हा आक्षेप खराच. पण त्यामुळे उधारी न करता एखादा दिवस सावलीत काढता येतो.

तापमान नेमके कुठले धरायचे, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. बुलढाणा शहर घाटावर, तुलनेने थंड. शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली, तापलेले. जिल्ह्याला एकच आकडा लावला तर वीटभट्टीवरची बाई होरपळेल आणि कागदावर काहीच घडलेले नसेल. म्हणून मर्यादा तालुकावार हवी, रात्रीचा उकाडाही मोजायला हवा आणि हप्त्याचा मोठा वाटा मालकाने व सरकारने उचलायला हवा. पाणी, सावली आणि दुपारची सुट्टी देण्याची मालकाची जबाबदारी मात्र विम्याने संपत नाही.