सिम कुणाकडून घ्यायचं, रिचार्ज कुठून मारायचा?

हल्ली गटाच्या बैठकीत बचत मोजून झाली, हप्ते लिहून झाले की मोबाइलचा विषय निघतोच. रिचार्ज गावातल्या दुकानात मारायचा की फोनवरच्या ॲपमधून? नवं सिम बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराकडून घ्यायचं की त्यासाठी तालुक्याला कंपनीच्या दुकानात जायचं? आम्ही समन्वयक बायका गावोगाव फिरतो, तिथं हेच प्रश्न कानावर येतात. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी पैशाचं. बऱ्याच जणींना वाटतं, दुकानदार मधे आहे म्हणजे तो आपल्याकडून जास्त घेत असणार. तसं नाही. प्रीपेड प्लॅनची जी किंमत कंपनीनं ठरवली, तीच दुकानातही द्यायची. त्याचं कमिशन त्याला कंपनी देते. दोन-पाच रुपये वर मागितले तर खुशाल विचारा, कशाचे म्हणून. पैसे पाठवायची जी ॲप आपण वापरतो, त्यांतली काही मात्र रिचार्जवर रुपया ते तीन रुपये जादा लावतात. ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात येतं आणि आपण पिन टाकून मोकळ्या होतो. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये सहसा हा भुर्दंड नसतो.

तीन रुपयांनी काय होतं, असं म्हणाल. पण वर्षाला रिचार्ज किती होतात ते मोजा. प्लॅन २८ दिवसांचा असला तर बारा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. हा तेरावा महिना कुणाच्या लक्षातच येत नाही! ट्रायनं, म्हणजे या कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ साली सांगितलं की प्रत्येक कंपनीनं ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा एक प्लॅन ठेवलाच पाहिजे. पुढं डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम आला. ज्यांना नेट नको, फक्त बोलायचं आणि एसएमएस, त्यांच्यासाठी वेगळे प्लॅन हवेत. साध्या बटणांच्या फोनवर सासूबाई लेकीशी बोलतात, त्यांना रोजचा दीड जीबी डेटा कशाला हवा? पण असे प्लॅन दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. आपणही ‘नेहमीचाच मार’ म्हणतो आणि निघतो. कंपनीच्या ॲपमध्ये सगळी यादी असते. एकदा घरातल्या शिकत्या पोरीला शेजारी बसवून ती वाचून घ्या. मग रिचार्ज गावच्या दुकानातच मारला तरी बिघडत नाही. अडीनडीला तो उधारीवर मारून देतो, फोन अडकला तर बघून देतो. तालुक्याला जायला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते, ती कोण देणार?

दुसऱ्याच्या ॲपमधून रिचार्ज करताना एक त्रास मात्र धरून चाला. पैसे कटले आणि रिचार्ज आला नाही, तर ॲपवाले म्हणतात कंपनीला विचारा, कंपनी म्हणते ॲपला विचारा. मधल्या मधे आपण. थेट कंपनीच्या ॲपमधून केलं असेल तर विचारायचं दार एकच. अशा वेळी व्यवहाराचा नंबर असलेला मेसेज पुसू नका आणि तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून वहीत लिहा. ‘तीन महिने रिचार्ज फुकट’ अशी लिंक व्हॉट्सॲपवर आली तर ती कुणी ओळखीच्यानं पाठवली असली तरी उघडू नका. फुकट देणाऱ्याला आपला ओटीपी हवा असतो.

रिचार्जमध्ये चुकलं तर दोन-तीनशे रुपयांचं नुकसान. सिमचं तसं नाही. सिम घेताना आपण आपलं आधार आणि अंगठा देतो. दोन्ही सारखेच सोपे वाटतात, म्हणूनच आम्ही यावर जास्त बोलतोय.

होतं काय, यात्रेत नाहीतर बाजारात छत्रीखाली सिम ‘फुकट’ मिळतं. अंगठा लावला की पोरगा म्हणतो, ‘मावशी, नीट आला नाही, परत लावा.’ आपली बोटं भांगलून, भांडी घासून झिजलेली, त्यामुळं आपल्यालाही ते खरं वाटतं. आणि कधी कधी खरंही असतं. पण त्या दुसऱ्या अंगठ्यावर आपल्या नावाचं दुसरं सिम चालू करून ते विकायचं, हा धंदाही चालतो. असलं सिम फसवणूक करणाऱ्याच्या हातात जातं आणि चौकशी आली की कागदावर नाव निघतं आपलं. म्हणून दुसऱ्यांदा अंगठा मागितला तर आधी मशीनचा पडदा बघायला मागा. पहिला खरंच नाकारला गेला का, ते तिथं दिसतं. वाचता येत नसेल तर वाचणारीला सोबत न्या. दाखवायला कुरकुर केली तर उठून या.

डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्यानं कंपनीकडं नोंदणी केलेली असलीच पाहिजे, असा नियम आहे. गावातल्या पक्क्या दुकानदाराची नोंदणी असेल तर त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही, तो उद्याही तिथंच बसलेला असतो. छत्री उद्या कुठल्या गावात असेल, सांगता येत नाही. आमचं मत विचाराल तर रिचार्ज कुठूनही मारा, पण सिम कंपनीच्या दुकानातून किंवा अशा नोंदणीकृत ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

आपल्या नावावर आत्ता किती सिम आहेत, ते घरबसल्या कळतं. केंद्र सरकारनं मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ नावाची वेबसाइट सुरू केली. तिथं आपला नंबर आणि आलेला ओटीपी टाकला की आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी येते. एखादा आपला नसेल तर ‘हा माझा नंबर नाही’ अशी खूण तिथंच करता येते. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ सिम चालतात. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढून प्रत्येकीची यादी बघायचं आम्ही ठरवलंय. आधारचा अंगठा कुलूपबंदही करता येतो. फक्त मग रेशनच्या दुकानात अंगठा चालणार नाही, आधी कुलूप उघडावं लागेल, हे ध्यानात ठेवा.

याच्या उलटही एक गोष्ट आहे. यादीत आपला रोजचा नंबरच नसतो! कारण सिम घेतलं मुलानं नाहीतर नवऱ्यानं, त्यांच्या नावावर. चालू आहे तोवर काही वाटत नाही. पण बँकेचं खातं, गटाच्या कर्जाचे मेसेज, गॅसची सबसिडी सगळं त्या नंबरला जोडलेलं असतं. फोन हरवला की दुसरं सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं, आणि तो पुण्याला कामाला असतो. ज्यांना जमेल त्यांनी कंपनीच्या दुकानात दोघांची कागदपत्रं घेऊन जावं आणि नंबर आपल्या नावावर करून घ्यावा. या एका कामासाठी एसटीचं भाडं घालवलं तरी चालेल.

पोस्टपेड घ्या म्हणून फोन येतात, त्याचं थोडक्यात. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो, पोस्टपेडवर १८ टक्के जीएसटी वरून लागतो. फोनवर ४०० सांगितलेलं बिल ४७२ चं येतं. आणि बिल थकलेलं असलं तर नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० ला एसएमएस करायचा. आठ अक्षरं-आकड्यांचा कोड येतो, तो आपल्याकडं चार दिवस चालतो. हा कोड फोनवर गोड बोलणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही, नव्या कंपनीच्या दुकानात स्वतः जाऊन द्यायचा. बदल होताना फोन काही तास बंद राहतो, तेव्हा बँकेत जायच्या किंवा हप्ता भरायच्या दिवशी हे काम काढू नका.