शोभिवंत व काटक वृक्ष : बहावा

१९५० साली देशात वनमहोत्सवाची प्रथा सुरू झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात गावोगाव रोपे लावली जातात. परंतु त्यांतील कितीतरी दुसरा उन्हाळा पाहत नाहीत. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात शोभेचे झाडही कमी पाण्यावर तगणारेच निवडावयास हवे. शाळेचे आवार, पाणंद व पडीक कडा यांसाठी बहावा या दृष्टीने उत्तम होय. किनवटकडील सागाच्या रानात तो आपोआप वाढतो. वैशाखात पाने गळालेल्या फांद्यांवर त्याचे पिवळे घोस लोंबतात. गुरे त्याचा पाला सहसा खात नाहीत.

रोपे तयार करणे : पक्व, काळ्या शेंगा फोडून बी काढावे व गर धुऊन टाकावा. बियांचे कवच अतिशय कठीण असल्याने तसेच पेरलेले बी महिनोन्महिने उगवत नाही. म्हणून प्रत्येक बी एका कडेला खरबरीत दगडावर किंचित घासावे, रात्रभर पाण्यात भिजवावे व मग पिशवीत पेरावे. रोप वर्षभर वाढवून पुढील पावसाळ्याच्या आरंभी लावावे.

लागवड : खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असावा. भारी काळ्या जमिनीत विशेष दक्षता घ्यावी. तेथे भुसभुशीत मातीने भरलेल्या खड्ड्यात भोवतालचे पाणी उतरते, पण बाहेर पडत नाही. त्यामुळे मुळे कुजतात. यास्तव सखल जागा टाळावी, भरताना मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे आणि खड्ड्यावर वीतभर उंच वरंबा करून रोप लावावे.

निगा : पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. बुंध्याभोवती सोयाबीनचे भुसकट पसरावे, ओल टिकते. तुराट्यांचे कुंपण करावे. पावसाळ्यात फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पाने खातात; निरोगी झाड पुन्हा फुटते, फवारणीची गरज नसते. छाटणी फुलोरा संपल्यावर व बेताचीच करावी. शेंगेतील गोड गर रेचक असल्याने मुलांना खाऊ देऊ नये.

बियांपासून वाढविलेल्या झाडास फुले येण्यास साधारणतः पाच ते आठ वर्षे लागतात. तोवर ते जगविणे हे खरे काम आहे. म्हणून ग्रामसेवकांनी रोप देतानाच दोन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव वहीत नोंदवून घ्यावे आणि जितकी नावे मिळतील तितकीच रोपे लावावीत.