जोडीदाराने बुडविलेला कर आणि सुटकेची वाट

एप्रिल महिना जवळ आला, की अमेरिकेतील मराठी घरांतही प्राप्तिकर विवरणपत्राची लगबग सुरू होते. अनेक घरांत हे काम एकाच व्यक्तीकडे, बहुधा पतीकडे, असते. तो कागद तयार करतो आणि पत्नी दाखविलेल्या जागी सही करते. विश्वासाने केलेल्या या सहीचा कायदेशीर अर्थ मात्र पुष्कळदा घटस्फोटानंतर किंवा पतीच्या निधनानंतर आलेल्या नोटिशीतूनच उमगतो.

भारतात पती व पत्नी आपापली विवरणपत्रे स्वतंत्रपणे भरतात. अमेरिकेत विवाहितांना संयुक्त विवरणपत्र भरता येते आणि त्यात बहुधा कर कमी पडत असल्याने बहुसंख्य जोडपी तोच पर्याय स्वीकारतात. या सवलतीसोबत येणारी जबाबदारीही संयुक्त असते. संपूर्ण कर, व्याज आणि दंड दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येतो.

समजा, पतीच्या नावे पुण्यातील बँकेत एनआरई मुदत ठेव आहे. तिचे व्याज भारतात करमुक्त असते. अमेरिका मात्र आपल्या करनिवासी व्यक्तींच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते. पतीने हे व्याज लपविले, तर एक डॉलरही न कमावलेल्या पत्नीकडून त्यावरील सर्व कर मागता येतो. ‘कर पतीने भरावा’ असे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात लिहिलेले असले, तरी ते इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस अर्थात ‘आयआरएस’ या करखात्यावर बंधनकारक नसते.

ही कठोरता सौम्य करण्यासाठी १९७१ मध्ये कायद्यात निर्दोष जोडीदाराला सवलत देण्याची तरतूद झाली. १९९८ मध्ये ती अधिक व्यापक करण्यात आली. ही सवलत पती व पत्नी दोघांनाही लागू आहे.

तीन मार्ग

पहिला मार्ग पूर्ण सवलतीचा. कर कमी दाखविला गेला तो जोडीदाराच्या चुकीमुळे, सही करताना आपल्याला त्याची कल्पना नव्हती व ती असण्याचे कारणही नव्हते, हे अर्जदाराला दाखवावे लागते.

दुसरा मार्ग जबाबदारीच्या विभागणीचा. घटस्फोटित, कायदेशीररीत्या विभक्त, जोडीदार गमावलेले अथवा अर्जापूर्वी किमान बारा महिने वेगळे राहिलेले यांना तो खुला आहे. यात न दाखविलेला कर ज्याचा त्याच्याकडे वर्ग होतो. मात्र अर्जदाराला चुकीची प्रत्यक्ष माहिती होती, हे सिद्ध झाल्यास लाभ मिळत नाही. जुलमाखाली सही घेतली असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरा मार्ग न्यायबुद्धीने दिल्या जाणाऱ्या सवलतीचा. विवरणपत्र अचूक होते, पण जोडीदाराने कर भरलाच नाही, अशा प्रसंगी हाच मार्ग उरतो. अर्जदाराची आर्थिक स्थिती, छळ, घरातील पैशांवर कोणाचा ताबा होता, अशा अनेक बाबी येथे पाहिल्या जातात.

अर्ज आणि मुदत

अर्ज ‘८८५७’ क्रमांकाच्या नमुन्यात करावयाचा असतो. पहिल्या दोन मार्गांसाठी वसुलीच्या पहिल्या कारवाईपासून दोन वर्षांची मुदत आहे. तिसऱ्या मार्गासाठीची ही अट आयआरएसने २०११ मध्ये सोडून दिली आणि २०१९ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे थकबाकी वसुलीयोग्य असेपर्यंत तो अर्ज करता येतो. अर्ज प्रलंबित असताना अर्जदाराकडील वसुली सामान्यतः थांबते, व्याज मात्र वाढतच राहते.

अर्जाची माहिती दुसऱ्या जोडीदाराला कळविणे आयआरएसला बंधनकारक आहे. छळाच्या प्रकरणांतही यास अपवाद नाही. मात्र अर्जदाराचा नवा पत्ता, दूरध्वनी किंवा नोकरीचे ठिकाण त्याला सांगितले जात नाही. अर्ज फेटाळला गेल्यास अंतिम निर्णयाच्या पत्रापासून ९० दिवसांत टॅक्स कोर्टात दाद मागता येते.

या सवलतीलाही मर्यादा आहेत. स्वतःच्या उत्पन्नावरील करातून सुटका होत नाही. भारतातील खात्यांची एकत्रित शिल्लक दहा हजार डॉलरपेक्षा अधिक असूनही ती कळविली नाही, तर होणारा स्वतंत्र दंड या सवलतीत बसत नाही. खाते दोघांच्या नावे असेल, तर कळविण्याची जबाबदारीही दोघांची. जोडीदाराच्या लग्नापूर्वीच्या थकबाकीपोटी संयुक्त परतावा वळता झाला असेल, तर आपला हिस्सा परत मागण्यासाठी ‘८३७९’ हा वेगळा नमुना आहे.

सही करण्यापूर्वी विवरणपत्र वाचावे, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. शंका वाटल्यास स्वतंत्र विवरणपत्राचा पर्याय निवडावा. कर थोडा अधिक पडेल, पण जबाबदारी आपल्यापुरतीच राहील. भरण्याची मुदत उलटल्यावर संयुक्त विवरणपत्राचे स्वतंत्र करता येत नाही. आणि नोटीस आलीच, तर संकोचापोटी ती कपाटात ठेवू नये. दोन वर्षे सरायला वेळ लागत नाही.