जोहर आणि असरच्या मधली मस्जिद

शिरगावला लोक किल्ला आणि समुद्र पाहायला येतात, सातपाटीला मासळीसाठी जातात आणि बोईसरला पोटासाठी. या पट्ट्यातल्या आम्हा मुसलमानांमध्ये जुने गावकरी आहेत, तसे तारापूर एमआयडीसीत कामाला आलेले, अजून बिऱ्हाड नीट न थाटलेले कामगारही आहेत. दोघांची गाठ पडते ती मस्जिदीतच. सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, सलाम फिरवतात, चपला शोधतात आणि आपापल्या वाटेने जातात. मग बऱ्याच ठिकाणी दाराला कुलूप लागते. जोहर ते असर या वेळात एखाद्या बाईला रेशन कार्डाचा अर्ज भरून हवा असेल, तर तिने कोणाचे दार ठोठवावे?

२०१४ पर्यंत आपण आणि भिवंडी एकाच ठाणे जिल्ह्यात होतो, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. २०२० च्या जून-जुलैत यंत्रमागांच्या या शहरात कोरोनाने श्वास कोंडला होता आणि रुग्णालयात खाट मिळणे कठीण झाले होते. लॉकडाऊनमुळे जमातची नमाज थांबलेली. अशा वेळी शांतीनगरच्या मक्का मस्जिदीत ऑक्सिजनची सोय असलेल्या पाच खाटा टाकण्यात आल्या. जमाअत-ए-इस्लामी हिंद आणि स्थानिक संस्थांनी हे केले. उपचार मोफत, रुग्ण कोणत्याही धर्माचा. ज्यांना घरीच ठेवणे शक्य होते, त्यांच्याकडे सिलिंडर पोहोचवले. पाच खाटा म्हणजे काही मोठे रुग्णालय नव्हे. पण ज्याचा बाप रात्री धापा टाकत होता, त्याला आकडा मोजायला सवड कुठे होती? त्याच वर्षी पुण्यात आझम कॅम्पसच्या मस्जिदीचा वरच्या मजल्यावरचा हॉल विलगीकरणासाठी देऊ करण्यात आला. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात-सदक्यातून ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला.

मस्जिदीत आजारी माणसे कशी, असे तेव्हा काहींनी विचारले. त्यांनी मस्जिदे नबवी आठवावी. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताला बाण लागला, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांचा तंबू मस्जिदीतच लावायला सांगितला, म्हणजे जवळून विचारपूस करता यावी. अस्लम कबिल्यातील हजरत रुफैदा (रजि.) तिथे जखमींची शुश्रूषा करत. त्याच मस्जिदीच्या सुफ्फ्यावर बेघर मुहाजिर राहत, शिकत. आपले बोईसरचे परगावचे कामगार त्यांच्याहून फार वेगळे आहेत काय?

अर्थात अदब हवाच. मस्जिदीत खरेदी-विक्री नको, गोंगाट नको. म्हणून नमाजच्या जागेला धक्का न लावता शेजारची एक खोली वापरावी, असे आमचे मत. तिथे दहावीच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला दिवा मिळावा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून मिळावेत, आठवड्यातून एकदा डॉक्टर बसावा. पैशाचे मात्र जपून. जकात ही माणसांची, भिंतींची नव्हे. बहुतेक फुकहा बांधकामाला तिची परवानगी देत नाहीत. खोलीसाठी वेगळा चंदा आणि वेगळी वही ठेवावी, आणि ती वही कोणालाही पाहता यावी.

बायकांचे काय, हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत शेवटी येतो आणि तोवर चहा संपलेला असतो. पुण्याच्या एका दाम्पत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने तिथे लेखी सांगितले, की नमाजसाठी मस्जिदीत यायला स्त्रियांना इस्लामची मनाई नाही. आता राहिले ते वेगळे दार, वुजूची सोय आणि पडदा. तीन गोष्टी, फार तर दोन महिन्यांचे काम. मिनारावर नवी रोषणाई करायला याहून जास्त खर्च येतो.

जागा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा वुजूखान्याकडेची ती खोली उघडून पाहावी, जिथे फाटक्या चटया आणि बिघडलेला भोंगा पडून असतो. तिची चावी कोणाकडे आहे, हे येत्या जुम्याला मुतवल्लींना विचारता येईल.