आरोग्यशिक्षण पडद्यावर – लेखांक ७ : अर्ध्यावरून उठून गेलेल्यांचा हिशेब

गेल्या आठवड्यात आपण हायडेलबर्गच्या पाहणीबद्दल वाचलं. गुंथर आयझेनबाख आणि क्रिस्टियान क्योलर या संशोधकांनी १७ जणांना संगणकापुढे बसवून आरोग्याचे प्रश्न शोधायला लावले. ‘आमच्याविषयी’ हे पान त्यांतल्या एकानेही उघडलं नाही. पानावर लोक काय करतात, हे अशा पाहणीतून कळतं. पण त्या पानाचा त्यांच्या प्रकृतीला काही उपयोग झाला का? त्यासाठी वेगळी चाचणी घ्यावी लागते. अशी एक गाजलेली चाचणी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्ये झाली, आणि २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तिचे निष्कर्ष छापले.

हेलन क्रिस्टेन्सन, कॅथलीन ग्रिफिथ्स आणि अँथनी जॉर्म यांच्यापुढे नैराश्यावरची दोन संकेतस्थळं होती. ‘ब्लूपेजेस’वर निव्वळ माहिती होती : लक्षणं कोणती, कोणत्या उपचाराला किती पुरावा आहे. ‘मूडजिम’ची तऱ्हा निराळी. त्यात पाच धडे, स्वाध्याय आणि ‘मूडी’, ‘नोप्रॉब्लेमॉस’ अशी पात्रं. मनात आलेला विचार तपासून कसा पाहायचा, हे या पात्रांच्या स्वभावांतून शिकवलेलं.

नैराश्याची लक्षणं असलेल्या ५२५ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी झाली. एका गटाला ब्लूपेजेस, दुसऱ्याला मूडजिम. तिसऱ्या गटाला संकेतस्थळ दिलंच नाही. दर आठवड्याला फोन मात्र येई आणि जीवनशैलीविषयी बोलणं होई. पहिल्या दोन गटांनाही आठवड्याला फोन जात होता. या आठवड्यात काय वाचायचं, ते त्यावर सांगितलं जाई.

तिसऱ्या गटाला फोन कशासाठी, असा प्रश्न पडेल. दर आठवड्याला कुणीतरी आपली विचारपूस करतंय, एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं. शिवाय लक्षणांची तीव्रता काही जणांत आपोआपच उतरते. फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना केली असती, तर हे सगळं श्रेय संकेतस्थळाच्या खात्यावर जमा झालं असतं. फोन तिन्ही गटांना असल्यामुळे त्यांच्यातला फरक संकेतस्थळाचा, असं म्हणायला आधार मिळाला.

निकाल असा : दोन्ही संकेतस्थळांच्या गटांत लक्षणं तिसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. उपचारांविषयीची समज ब्लूपेजेसने वाढवली, तर चुकीच्या दिशेने जाणारे विचार मूडजिमने कमी केले. म्हणजे पुराव्यावर बेतलेली साधी, नेटकी माहितीही कामाला येते. खेळ, चित्रं, पात्रं यांवर पैसे घालण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

पण गोष्ट इथे संपत नाही. मूडजिम सर्वांसाठी मोफत खुलं होतं. चाचणीतल्या १८२ जणांपैकी ४१ जणांनी पाचही धडे पुरे केले, म्हणजे साधारण २२ टक्के. आपणहून आलेल्या १९,६०७ जणांमध्ये शेवटपर्यंत पोचले फक्त ९७. अर्धा टक्का! धडे तेच, पात्रं तीच. चाचणीत मात्र मागे फोन करणारं माणूस होतं आणि ‘आपण अभ्यासात भाग घेतलाय’ ही जाणीव होती.

२००५ मध्ये आयझेनबाख यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. ऑनलाइन साधनांना गळती लागतेच. ती झाकू नका, तिचाच अभ्यास करा, असं त्यांचं म्हणणं. कोण गेलं, कोणत्या टप्प्यावर गेलं, हीसुद्धा माहितीच आहे. सगळेच कंटाळून जातात असंही नाही; एखाद्याला हवं ते दुसऱ्याच पानावर मिळालेलं असतं. खरा धोका हिशेबात आहे. शेवटची प्रश्नावली टिकून राहिलेलेच भरतात, आणि टिकतात ते बहुधा ज्यांना फायदा जाणवतो ते. तेवढ्यांचीच सरासरी काढली की कुठलंही साधन गुणकारी दिसतं. म्हणून कॅनबेराच्या चाचणीत सोडून गेलेल्यांनाही त्यांच्या मूळ गटातच धरून हिशेब केला होता.

मराठीत मधुमेहावर किंवा बाळंतपणावर असं साधन करणाऱ्यांना एवढी मोठी चाचणी परवडेलच असं नाही. तीन आकडे मात्र पहिल्या दिवसापासून टिपता येतात : किती जण आले, प्रत्येक टप्प्यावर किती उरले, आणि नंतरचे प्रश्न कितींनी सोडवले. अहवालात ‘८० टक्के लोकांना फायदा झाला’ असं वाक्य आलं, तर आधी विचारावं, हे ८० टक्के कुणाचे? आलेल्यांचे की उरलेल्यांचे?

पुढील लेखांकात : आठवण करून देणारा फोन किंवा संदेश किती वेळा पाठवावा, आणि त्याचा जाच कधी होऊ लागतो?